रीफ टँकमधलं शेवाळ: आधी भरीचं पाणी बघा

लातूर-बीडच्या उन्हाळ्यात पंखा लावलेल्या १०० लिटरच्या रीफ टँकमधून (कोरल ठेवलेला खाऱ्या पाण्याचा टँक) रोज दोन-तीन लिटर पाणी सहज उडतं. मीठ मागेच राहतं, म्हणून भर गोड्या पाण्याची. घोळ इथेच होतो. बोअरचं पाणी घातलं की त्यातलं नायट्रेट, सिलिकेट टँकमध्ये साठत जातं आणि शेवाळाला खत मिळतं. पिण्याचा आरओही चालत नाही. चवीसाठी त्यात मिनरल किंवा थोडं कच्चं पाणी मिसळलेलं असतं. आरओपुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) जोडा, टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) ० दिसलंच पाहिजे.

केसाळ हिरवं शेवाळ काढताना पंप बंद करा. चिमटीत धरून मुळाशी ओढा, उरलेलं टूथब्रशने घासा आणि दुसऱ्या हातातल्या नळीने तुकडे लगेच बादलीत ओढा. सुटलेला तुकडा पुढच्या फटीत रुजतो. बादलीत गेलं तेवढं ताजं खारं पाणी, ३५ पीपीटीचं (लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ), परत घाला.

नायट्रेट ५-१० पीपीएम, फॉस्फेट ०.०३-०.१ ठेवा. शेवाळ दाट आणि फॉस्फेट शून्य? टेस्ट किटच्या आकड्यावर जाऊ नका, ते फॉस्फेट शेवाळानेच खाल्लंय. जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोह-ऑक्साइडचे दाणे) निम्म्या मात्रेने सुरू करा. एकदम ओतलं तर कोरल पांढरे पडतात. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही खरोखर शून्यावर नेलीत तर डायनो (डायनोफ्लॅजेलेट, सूक्ष्म एकपेशीय जीव) येतात: शेंबडासारखे तपकिरी तंतू, टोकाला बुडबुडे. त्यावर गोगलगायी सोडू नका, मरतात.

नव्या टँकमधली तपकिरी भुकटी मात्र डायटमची (सिलिकेटवर वाढणारं सूक्ष्म शेवाळ). काही आठवड्यांत आपोआप जाते.