जुन्या ग्लो इंजिनातून फ्युएल गळतंय? आधी टाकी बघा, मग इंजिन खोला

मॉडेल विमानांची, ओएस कंपनीची ४० एफपी, ४६ एलए अशी जुनी ग्लो इंजिनं (तापलेल्या ग्लो प्लगने पेटणारी, मिथेनॉलच्या फ्युएलवर चालणारी) अजून बऱ्याच जणांकडे आहेत आणि ती खरंच दणकट आहेत, पण वय झालं की दोन तक्रारी येतातच, एक म्हणजे फायरवॉलखाली (इंजिन बसतं त्या लाकडी फळीखाली) सगळं ओलं चिकट होतं आणि दुसरी म्हणजे जमिनीवर मस्त चालणारं इंजिन नाक वर केलं की लीन होऊन (फ्युएल कमी, हवा जास्त होऊन) बंद पडतं. दोन्हीचं मूळ बरेचदा एकच असतं, कुठला तरी जोड सैल पडलेला असतो. काही जोडांतून फ्युएल बाहेर येतं आणि काहींतून हवा आत शिरते, आणि हवा शिरत असेल तर एक थेंबही दिसत नाही, म्हणून नुसतं ओलं कुठंय एवढंच शोधत बसू नका.

कामाला लागायच्या आधी इग्नायटर (ग्लो प्लग तापवणारी बॅटरी) काढून बाजूला ठेवा. ग्लो फ्युएलमधलं मिथेनॉल विषारी असतं, नळी तोंडाने ओढायची सवय असेल तर आजच सोडा, आणि त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसतच नाही, तेव्हा मोकळ्या हवेत काम करा.

इंजिन पुसून कोरडं करा, टाकी भरा आणि प्रत्येक जोडाला पांढऱ्या टिश्यूची पट्टी गुंडाळून थोडा वेळ तसंच ठेवा. कुठली पट्टी आधी ओली होते ते बघा, कारण फ्युएल वरून ओघळून भलत्याच ठिकाणी साठतं. कार्ब्युरेटरच्या तोंडातूनच थेंब येत असेल तर तो लीक नसेलही, टाकी उंच बसलेली असेल. टाकीची मधली रेषा स्प्रेबारच्या (कार्ब्युरेटरमध्ये फ्युएल सोडणाऱ्या नळीच्या) पातळीत किंवा ५ ते १० मिमी खाली हवी. जागाच नसेल तर उडवेपर्यंत नळीला चिमटा लावून ठेवा. असं झिरपलेलं फ्युएल सिलिंडरमध्ये साठतं, त्यामुळे स्टार्टर लावण्याआधी प्रॉप (पंखा) हाताने फिरवा, मध्येच घट्ट अडला तर जोर लावू नका, प्लग काढून फ्युएल बाहेर काढा, नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकेल.

आता नळ्या. सिलिकॉनची नळी निपलवर (नळी खोचायच्या टोकावर) जिथे चढते तिथेच आधी जाते, नीट पाहिलंत तर निपलच्या कडेला तपकिरी चिकट कडं दिसेल, नळी तिथे जरा वाकवली की खालची बारीक चीर उघडते. तेवढं टोक कापून परत चढवता येतं, पण नळी इतकी स्वस्त आहे की मी म्हणेन सगळीच बदला. टाकीच्या आतली क्लंकची (फ्युएलमागे फिरणारं वजन टोकाला असलेली) नळी मात्र लोक हमखास विसरतात, ती कडक होते, चिरते, आणि मग टाकी अर्धी झाली की नळीतून बुडबुडे यायला लागतात. टाकी बाहेर काढून एक सोडून सगळ्या नळ्या बंद करा, उरलेल्या नळीतून रबरी पंपाने हलका दाब द्या आणि टाकी पाण्याच्या बादलीत बुडवा. रबरी बुचाजवळ बुडबुडे आले तर बूच बदला, स्क्रू जास्त आवळून ते रबर सुधारत नाही. (पेट्रोल इंजिनाला सिलिकॉन नळी चालत नाही, तिथे टायगॉन लावा.)

टाकी ठीक निघाली तर नीडलकडे (फ्युएल कमीजास्त करणाऱ्या सुईकडे) या. नीडलवरची छोटी ओ-रिंग झिजली की तिथून हवा शिरते आणि नीडल कितीही फिरवा, सेटिंग टिकतच नाही. नीडलवर सिलिकॉन नळीचा छोटा तुकडा असा चढवा की तो नीडलच्या बॉडीवरही घट्ट बसेल, जुनी युक्ती आहे पण छान चालते. ४६ एलएला नीडल मागे बॅकप्लेटवर (इंजिनाच्या मागच्या झाकणावर) असते, तिथून कार्ब्युरेटरकडे जाणारी छोटी नळीही तपासा.

आयडल (थ्रॉटल मिटल्यावरचा सर्वात कमी वेग) कमी होत नसेल किंवा वरखाली होत असेल तर कार्ब्युरेटरच्या बुडाची ओ-रिंग चपटी झालेली असू शकते, नाहीतर बॅकप्लेटचं गॅस्केट गेलेलं असतं. प्लग आणि बॅकप्लेटभोवती साबणाचा फेस लावा आणि प्रॉप हाताने सावकाश फिरवा, हवा निसटत असेल तर फेस फुगतो. गॅस्केट पेपर ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतो, जुनं गॅस्केट वर ठेवून कापा, आणि स्क्रू समोरासमोरचे आलटून पालटून थोडे थोडे आवळा.

प्रॉपच्या मागून थोडं तेल उडतं त्याची चिंता नको, एफपी आणि एलएला पुढे बॉल बेअरिंग नाही, बुश (शाफ्टभोवतीची साधी धातूची बाही) असतो, तो एवढं तेल सोडतोच. फवारा उडत असेल आणि शाफ्ट हाताने हलत असेल तर मात्र बुश झिजलाय, त्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही.

सगळं बसवल्यावर जुन्या नीडल सेटिंगवर जाऊ नका, हवा बंद झाल्यावर तेच सेटिंग वेगळं वागणार, दोन-अडीच फेरे उघडून रिचपासून (फ्युएल जास्त ठेवून) सुरू करा. फुल थ्रॉटलला नळी क्षणभर दाबून सोडा: आरपीएम जरा वाढले तर ठीक, लगेच पडले तर अजून लीन आहे. मग विमान घट्ट धरून नाक सरळ वर करा, तिथेही आवाज टिकला तरच उडवा. आणि फायरवॉलचं लाकूड तेल प्यायलेलं असेल तर त्यावर टाल्कम पावडर पसरून तेल शोषून घ्या, वाळल्यावर पातळ इपॉक्सीचा हात द्या, तेलकट लाकडावर इपॉक्सी धरत नाही.