"एकूण तोटाच आहे, मग कर कसला?" क्रिप्टोतल्या या चुका टाळा

रिटर्न भरून देणं हा माझा धंदा. जुलै उजाडला की लोक टेबलावर मोबाईल सरकवतात, ॲपमधला लाल आकडा दाखवतात आणि म्हणतात, "सर, सगळं बुडालंय. हे दाखवायची गरज नाही ना?"

गरज आहे. आणि बऱ्याचदा वर करही भरावा लागतो.

गेल्या हंगामातलंच एक गणित सांगतो. एका गृहस्थांनी १ लाखाला घेतलेलं बिटकॉइन दीड लाखाला विकलं. त्याच वर्षी दुसऱ्या कुठल्याशा कॉइनमध्ये ५० हजार घालवले. त्यांच्या मते फिट्टंफाट. कायद्याच्या मते ५० हजारांचा नफा, त्यावर ३० टक्के म्हणजे १५,००० रुपये कर आणि ४ टक्के उपकराचे ६००. एकूण १५,६००. घालवलेल्या ५० हजारांना इथे कोणी विचारत नाही.

२०२२ च्या अर्थसंकल्पात कलम ११५बीबीएचने आणलेला नियम हा असा आहे. एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पगारातून होत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. शेअरवाल्यांना हे पचत नाही, कारण तिथे भांडवली तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो. इथे प्रत्येक विक्री एकटी उभी असते. शिवाय खरेदीची किंमत सोडून काहीही वजा मिळत नाही: एक्सचेंजची (कॉइन जिथे घेता-विकता येतात त्या ॲपची) फी नाही, तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी नाही, कर्ज काढून घेतलं असेल तर व्याजही नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. पण रिटर्नमध्ये माझं मत लिहायला रकाना नाही.

"मी विकलंच नाही, फक्त बदललं"

सगळ्यात पसरलेली चूक ही. यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं कॉइन) देऊन इथेरियम घेतलं, ते देऊन सोलाना घेतलं. बँकेत एक रुपया आला नाही, म्हणून उत्पन्न नाही, असा समज. अदलाबदल म्हणजेही हस्तांतर. जे कॉइन दिलं ते त्या दिवशीच्या भावाने विकलं असं धरून नफा काढावा लागतो.

यात टीडीएसचा, म्हणजे विकतानाच कापून घेतल्या जाणाऱ्या कराचा, फास वेगळा. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का कापला जातो, नफ्यावर नाही. इंजिनिअरिंगचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. १ लाख रुपये तो दिवसातून चार-पाच वेळा फिरवायचा. भाव जागचा हलला नाही असं धरलं, तरी तीच रक्कम पन्नास वेळा विकली की ३९ हजारांच्या वर टीडीएसमध्ये अडकतात. रिटर्न भरल्यावर देय करापेक्षा जास्त कापलेलं परत मिळतं, पण तोवर खेळायला भांडवल उरत नाही.

याच्या उलटी गैरसमजूत: "टीडीएस कापलाय ना, मग झाला की कर." वरच्या गृहस्थांचे दीड लाखांवर १,५०० कापले होते. उरलेले १४,१०० त्यांना भरावेच लागले. पगारदारांनो, टीडीएस वजा जाऊन वर्षाचा देय कर १० हजार किंवा त्याहून जास्त असेल तर आगाऊ कराचे हप्ते आहेत; मार्च उलटून गेल्यावर आलात तर व्याज लागतं.

"बायकोला काही उत्पन्न नाही, तिच्या नावाने घेतलंय"

इथे दोन खड्डे आहेत. एक, पैसे तुम्ही दिले असतील तर नफा तुमच्याच उत्पन्नात मिळवला जातो. दोन, पैसे तिचे स्वतःचे असले तरी क्रिप्टोच्या नफ्याला करमुक्त मर्यादा लागू नाही. दुसरं उत्पन्न शून्य असलं तरी पहिल्या रुपयापासून ३० टक्के. "१२ लाखांपर्यंत माफ" ऐकून बरेच जण निवांत बसतात, पण नव्या पद्धतीतली ती सवलत खास दराच्या उत्पन्नाला मिळत नाही.

आयटीआर-१ भरू नका. क्रिप्टोसाठी आयटीआर-२, धंदा म्हणून करत असाल तर ३. त्यात व्हीडीए (आभासी डिजिटल मालमत्ता) नावाचं परिशिष्ट आहे आणि प्रत्येक व्यवहाराची खरेदी-विक्रीची तारीख आणि किंमत तिथे मागतात. एआयएसमध्ये, म्हणजे कर खात्याकडच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात, तुमच्या पॅनवरचा टीडीएस आधीच दिसत असतो. तो आहे आणि परिशिष्ट कोरं, अशी रिटर्न नोटिशीला आमंत्रण देते.

स्टेटमेंट आजच उतरवा

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाने परदेशातल्या नऊ एक्सचेंजना नोटिसा काढल्या आणि जानेवारीत त्यांची संकेतस्थळं, ॲप्स भारतात बंद होऊ लागली. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतातल्या एक्सचेंजवर २३ कोटी डॉलरहून मोठी चोरी झाली आणि लोकांची कॉइन वर्षाहून अधिक काळ अडकली. एक्सचेंजमधलं कॉइन म्हणजे त्यांच्या वहीतली तुमच्या नावाची नोंद, एवढं यातून कळतं. खरेदीची नोंद हरवली तर? अधिकारी खरेदी किंमत मान्य न करता सगळी विक्रीची रक्कम नफा धरू शकतो. दर महिन्याला व्यवहारांची सीएसव्ही (तक्त्याची फाईल) उतरवून ठेवायला पाच मिनिटं लागतात.

खातं गोठलं तर

टेलिग्रामवर कोणी दोन रुपये जास्त देतो म्हणून पीटूपीने, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाला, यूएसडीटी विकणारे अनेक आहेत. येणारा पैसा एखाद्या सायबर फसवणुकीतला असतो. फसलेला माणूस १९३० या सायबर तक्रारीच्या क्रमांकावर फोन करतो, पोलीस पैशाचा माग काढतात आणि तुमचं खातं गोठतं. तक्रार कधी दुसऱ्याच राज्यातली असते. तेव्हा बँकेकडून तक्रार क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव लेखी घ्या. ऑर्डरचा तपशील, गप्पांचे स्क्रीनशॉट, केवायसी घेऊन तपास अधिकाऱ्याला अर्ज करा. व्यवहाराच्या गप्पा पुसून टाकलेल्यांची मला फार कीव येते. आणि पगाराचं खातं या भानगडीत कधीच वापरू नका. ईएमआय उडाले की घरात वेगळा तमाशा.

संगणकांनी नवी कॉइन मिळवून महिन्याला ठरावीक टक्के देतो म्हणणाऱ्या "मायनिंग योजनां"बद्दल पुण्यात वेगळं सांगायला नको. गेनबिटकॉइनने महिना १० टक्के, तेही १८ महिने, कबूल केले होते. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधाराला अटक केली, पण गुंतवणूकदार हात चोळत बसले.

कॉइन एक्सचेंजऐवजी स्वतःच्या वॉलेटमध्ये (डिजिटल पाकिटात) ठेवणार असाल तर १२ किंवा २४ शब्दांची सीड फ्रेज, म्हणजे त्या पाकिटाची किल्ली, कागदावर लिहा. तिचा फोटो गॅलरीत नको, कस्टमर केअरलाही सांगू नका. ती मागणारा प्रत्येक जण चोर आहे. आपल्याच वॉलेटमध्ये नेणं ही विक्री नव्हे, पण कुठल्या पत्त्यावर कधी नेलं ते वहीत टिपा, नाहीतर पुढे खरेदीशी जोड लावता येत नाही. पाठवताना नेटवर्क तपासा: टीआरसी-२० (ट्रॉन नेटवर्क) वरचं यूएसडीटी आणि ईआरसी-२० (इथेरियम नेटवर्क) वरचं यूएसडीटी एकाच नावाचं असलं तरी वाट वेगळी. पत्त्याची पहिली-शेवटची चार अक्षरं पाहून भागत नाही, तशीच दिसणारे पत्ते भामटे मुद्दाम तयार करतात. आधी थोडंसं पाठवा, पोचल्याचं पाहा, मग बाकीचं.