पाचशेची डिस्क चारशे ऐंशीत बसवली

जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क टकटक करायला लागली आणि पोटात गोळाच आला. बाबांच्या वहीची स्कॅन केलेली पानं त्यातच होती. आधी तेवढी पेनड्राइव्हवर घेतली, मग क्लोनझिला या डिस्कची नक्कल करणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरने अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, बाहेरच्या डिस्कवर काढली.

नवी एसएसडी 480 जीबीची, जुनी डिस्क 500ची. रिस्टोअर, म्हणजे ती इमेज नव्या डिस्कवर उतरवणं, अडलं. डेटा जेमतेम 140 जीबी होता, पण इथे बघितला जातो तो डिस्कचा आकार.

जुनी डिस्क परत जोडली. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून डी पार्टिशन (डिस्कचा डी हा भाग) 40 जीबीने लहान केलं. तेच, कारण ते सगळ्यात शेवटी होतं आणि मोकळी जागा डिस्कच्या टोकालाच हवी. लॅपटॉप शिफ्ट दाबून बंद केला, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज पूर्ण बंद होत नाही. पुन्हा इमेज काढली. रिस्टोअरच्या वेळी एक्स्पर्ट मोडमध्ये 'आयसीडीएस' पर्याय निवडला, त्याने आकाराची तपासणी टळते. (डिस्कवरच्या पार्टिशनांची नोंद ठेवायच्या दोन पद्धती असतात, जुनी एमबीआर आणि नवी जीपीटी. माझी डिस्क एमबीआर होती, जीपीटीत डिस्कच्या शेवटी पार्टिशन तक्त्याची दुसरी प्रत असते, तीही दुरुस्त करावी लागते.)

विंडोज उघडलं. मी आधी वहीच उघडली. पहिल्या पानावर बाबांचा वळणदार 'श्री' तसाच होता.