भारतीय पासपोर्ट सरेंडर करायचाय? आधी खर्च बघा, मग ओथची तारीख

अमेरिकन सिटिझनशिप घ्यावी की ग्रीन कार्डवरच राहावं हा विषय निघाला की कुणीतरी "म्हणजे देश सोडायचा?" म्हणून भावुक होतंच. पण बऱ्याच जणांचं कारण नेमकं उलटं असतं, त्यांना आईवडिलांजवळ दोन-तीन वर्षं जाऊन राहायचं असतं म्हणून ते सिटिझन होतात. ग्रीन कार्डवर रीएंट्री परमिट (परत येण्याचा आगाऊ परवाना) न काढता वर्षभरापेक्षा जास्त बाहेर राहिलात तर कार्डच धोक्यात येतं, आणि सिटिझन होऊन ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते कार्ड) काढलं की पुण्यात हवं तितकं राहा. आईवडिलांना इकडे आणायचं तरी तेच, ग्रीन कार्डवाल्याला त्यांना स्पॉन्सर करता येत नाही.

आता कायदा. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे ओथ (अमेरिकन नागरिकत्वाची शपथ) घेतली की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं, सरेंडर सर्टिफिकेट (भारतीय पासपोर्ट परत केल्याचा दाखला) हा त्याचा नुसता कागद. त्यामुळे "अजून चार वर्षं व्हॅलिड आहे की" म्हणून जुन्या पासपोर्टवर भारतात जाऊन येऊ नका, तो गुन्हा आहे आणि दर खेपेला दंड लागतो तो वेगळा.

खर्च माणशी असा धरा: एन-४०० (सिटिझनशिपचा अर्ज) ऑनलाइन भरला तर ७१० डॉलर (कागदावर ७६०), अमेरिकन पासपोर्ट १६५, सरेंडर १७५, ओसीआय २७५. म्हणजे १,३२५ झालेच, वर सर्व्हिस चार्ज, फोटो, नोटरी, कुरिअर. फिया बदलत असतात तेव्हा भरायच्या दिवशी साइटवर बघूनच भरा. ज्यांनी १ जून २०१० च्या आधी सिटिझनशिप घेतली त्यांना सरेंडरची फी बरीच कमी आहे.

सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते नावावर, आणि आपली मराठी नावं म्हणजे तर विचारूच नका. भारतीय पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र, इकडे मधलं नाव गायब, लग्नानंतर नवऱ्याचं नाव आणि आडनाव आलं पण पासपोर्ट माहेरच्याच नावाचा, आणि त्यात एन-४०० भरताना नाव बदलायची सोय असते म्हणून कुणी ते छोटं करून घेतं. घ्या खुशाल, पण मग सरेंडर आणि ओसीआय दोन्हीकडे मॅरेज सर्टिफिकेट किंवा नाव बदलल्याचा कागद जोडायची तयारी ठेवा.

क्रम साधा आहे. ओथ झाली की मिळालेल्या सिटिझनशिप सर्टिफिकेटच्या कॉपी काढून ठेवायच्या, मग अमेरिकन पासपोर्ट, मग सरेंडर, मग ओसीआय. यात महिने जातात आणि तेवढ्या काळात भारतात जायला व्हिसा लागतो, म्हणून भाचीचं लग्न डिसेंबरात असेल तर ऑक्टोबरात ओथ घेऊन बसू नका. घरी कुणी आजारी असेल तर ई-व्हिसाची माहिती आधीच काढून ठेवा.

पैशापलीकडे काय जातं? मत जातं, सरकारी नोकरी जाते, हे सगळ्यांना माहीत असतं. शेतजमिनीचं मात्र लोक अर्धवट ऐकून घाबरतात. ओसीआयवाल्याला शेती विकत घेता येत नाही, बरोबर, पण वारसाहक्कानं आलेली राहते, सातबाऱ्यावर नाव लागतं, फक्त विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. बक्षीसपत्रानं चालत नाही, आणि ते एनआरआयलाही (भारतीय पासपोर्टवरच परदेशात राहणाऱ्यालाही) चालत नाही, त्यामुळे बाबांना काही द्यायचंच असेल तर मृत्युपत्र करा म्हणावं. खरा फरक पुढे पडतो, भारतीय पासपोर्टवाला कायमचा परत गेला तर शेती घेऊ शकतो (महाराष्ट्रात शेतकरी असल्याचा पुरावा दाखवून), तुम्ही नाही. शिवाय भारतात राहिलात तरी अमेरिकेत दरवर्षी टॅक्स रिटर्न भरणं चालूच राहतं, आणि भारतातले म्युच्युअल फंड तर त्यात नुसती डोकेदुखी.

परतीचा रस्ता आहे बरं का, ओसीआयला पाच वर्षं झाली आणि अर्जाआधी बारा महिने भारतात राहिलात तर पुन्हा नागरिकत्व मागता येतं, पण मग अमेरिकन सोडावं लागतं.

आणि मुलं. ग्रीन कार्डवर तुमच्यासोबत राहणारी अठराच्या आतली मुलं तुमच्या ओथबरोबर आपोआप सिटिझन होतात, त्यांना वेगळी ओथ नसते म्हणून त्यांचे भारतीय पासपोर्ट हमखास विसरले जातात. तेही सरेंडर करायचे असतात, वेगळा अर्ज, वेगळी फी.