घरचा फ्लॉवर बटणाएवढाच राहतो? या चुका टाळा

वांगी, मिरची माफ करतात. चार दिवस पाणी चुकलं, खत उशिरा पडलं, तरी पुढच्या तोड्याला भरून काढतात. फ्लॉवरचं तसं नाही. एका रोपाला एकच गड्डा, आणि गड्ड्यावर जे दिसतं ते बहुतेक वेळा महिनाभर आधीच बिघडलेलं असतं. साताऱ्याला शाहूपुरीत आमच्या परसात पहिल्या वर्षी बारा रोपं लावली, नऊंना लिंबाएवढे गड्डे आले. सासूबाई म्हणाल्या, "फ्लॉवर म्हणतात ना, मग वाहा देवाला."

चूक रोपांची होती. स्वस्तात मिळाली म्हणून आणलेली, दीड-दोन महिन्यांची, ट्रेमध्ये मुळांचा गुंता झालेली, देठ काडीसारखा कडक. असं उपाशी राहिलेलं जून रोप पाला वाढवायच्या आधीच गड्डा धरतं, आणि पोसायला पानंच नसली की तो तेवढाच राहतो. मग युरिया टाकून काही होत नाही, मी टाकून बघितलाय. रोप चार-पाच आठवड्यांचं, मऊ देठाचं घ्या, दोन रोपांत दीड फूट ठेवा. पहिल्या महिन्यात पाण्याचा ताण पडू देऊ नका आणि चौथ्या आठवड्याच्या सुमारास खताचा दुसरा हप्ता देऊन बुडाशी मातीची भर लावा.

रोप चांगलं असूनही गड्डा बारीक राहिला, तर बियाण्याचं पाकीट बघा. लवकरचा वाण उशिरा लावला की बटणं, उशिराचा लवकर लावला की नुसता पाला. 'पुसा दीपाली' पावसाळ्याच्या सुरुवातीला पेरायचा, 'पुसा स्नोबॉल के-१' मात्र थंडीचा. त्याचं बी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टाकायचं. आमच्या वन्सं पलूसला असतात. त्यांनी स्नोबॉल जूनमध्येच पेरला. गुडघाभर पाला झाला, गड्ड्याचा पत्ता नाही. शेवटी म्हशीनं खाल्ला.

गड्ड्यावर तांबूस, पाणचट डाग आणि दांडा आतून पोकळ, हे बोरॉन कमी पडल्याचं लक्षण. सांगलीकडच्या चुनखडीच्या काळ्या रानात ते असूनही झाडाला मिळत नाही. गड्डा धरायच्या आधी लिटरला २ ग्रॅम बोरॅक्स घालून पानांवर फवारा. पण दांडा पोकळ आणि आतून पांढराशुभ्र असेल तर बोरॉनला दोष देऊ नका, तुमचा युरियाचा हात सैल आहे. पाटण-महाबळेश्वरच्या तांबड्या, आंबट मातीत वेगळंच दुखणं: पान अरुंद होत होत नुसती शीर उरते, चाबकासारखी. ती मॉलिब्डेनमची कमतरता. लागणीआधी मातीत थोडा चुना मिसळला की बहुतेक वेळा भागतं.

गड्डा पिवळा पडतो तो उन्हानं. लिंबाएवढा झाला की वरची पानं सैलसर बांधा. घट्ट बांधली तर आत पाणी साचून कुजतो. आणि 'अजून वाढेल' म्हणून थांबू नका. घट्ट आहे तोवरच काढा. एकदा का वर रव्यासारखे दाणे सुटले की भाजीला मजा नाही, किसून पराठ्यात घाला.

अळीसाठी कडेनं मोहरी पेरा, चौकोनी ठिपक्यांचा पतंग आधी तिच्यावर जातो. गड्डा दिसायला लागल्यावर विषारी औषध मारू नका. ते तुऱ्यांच्या फटीत बसतं, धुऊन निघत नाही. उरलेल्या अळ्यांना कोमट मिठाचं पाणी पुरतं, फक्त आधी तुरे सुटे करा. अख्खा गड्डा बुडवून ठेवला तर आतली अळी आतच राहते.

आता स्वयंपाकघर. इथली मोठी चूक म्हणजे कुकर. घरचा ताजा फ्लॉवर मंडईतल्यापेक्षा कोवळा असतो, दोन शिट्ट्यांत त्याचा लगदा होतो. जास्त शिजला की तो गंधकाचा वास सुटतो, ज्यामुळे पोरं नाक मुरडतात. कढईत परता, पाण्याचा हबका मारा, तुरा जरा करकरीत असतानाच उतरवा. लोखंडी कढईत तो काळपट पडतो. बोअरच्या जड पाण्यात उकडला तर पिवळसर होतो, तेव्हा दोन थेंब लिंबू पिळा. कोवळा पाला टाकू नका. चिरून, डाळीचं पीठ पेरून झकास सुकी भाजी होते.

त्या नऊ बटणांचं काय केलं? न चिरता, अख्खीच मटारासोबत कांदा-लसूण मसाल्याच्या रश्श्यात सोडली. सासूबाईंनी दोनदा वाढून घेतलं, देवाचं नाव काढलं नाही.