ही ओळ इथे का आहे?

नोकरीला लागून जेमतेम पाच महिने झाले होते. फाइलमधल्या नोंदी वाचून डेटाबेसमध्ये भरायच्या, एवढंच काम होतं. एआय असिस्टंटला सांगितलं आणि मिनिटभरात पायथनचा नीटनेटका कोड हातात आला. टेस्टही त्यानेच लिहून दिल्या, सगळ्या पास. रिव्ह्यू घाईत उरकला आणि कोड प्रॉडक्शनवर, म्हणजे प्रत्यक्ष वापरात गेला.

आठवड्याभराने कळलं की काही नोंदी गायब आहेत, आणि लॉगमध्ये मात्र एकही एरर नाही. लूपच्या आत एक ट्राय-एक्सेप्ट (एरर आली तर काय करायचं ते सांगणारा भाग) होता आणि एक्सेप्टमध्ये नुसतं 'पास', म्हणजे काहीच करू नको. तारीख चुकलेली नोंद आली की कोड ती गिळून पुढे जायचा. टेस्टमध्ये अशी नोंद नव्हतीच. कोड लिहिताना जे सुटलं, तेच टेस्ट लिहितानाही सुटलं होतं. टीममधल्या सीनियर शेजारी येऊन बसल्या, त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही ओळ इथे का आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रागावल्या नाहीत, पण तो प्रश्न मी आजही प्रत्येक पुल रिक्वेस्टआधी, म्हणजे कोड टीमकडे तपासायला पाठवण्याआधी, स्वतःला विचारते.

दुरुस्ती करताना आणखी एक गोष्ट समोर आली. फाइल वाचायला त्या कोडमध्ये एक लायब्ररी (इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड) वापरली होती. चुकीच्या ओळी वेगळ्या काढायची सोय तिच्यात आहे का, ते नेटवर शोधलं. चार लेखांत एकच पॅरामीटर (फंक्शनला द्यायची सेटिंग), जवळपास त्याच शब्दांत. चार ठिकाणी आहे म्हणजे खरंच असणार, असं वाटलं. तो पॅरामीटर अस्तित्वातच नव्हता. शेवटी लायब्ररीचा सोर्स कोड उघडला तेव्हा खात्री पटली.

खरी वाटणारी पण चुकीची माहिती अशी पसरण्याचा धोका स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटने लवकर ओळखला. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि डिसेंबर लागताच त्यांनी त्याची उत्तरं टाकायला बंदी घातली. उत्तरं बरोबर दिसतात, पण बरेचदा चुकीची असतात. ती तयार व्हायला क्षण लागतो आणि तपासायला जाणकार माणसाचा वेळ जातो. नव्याने शिकणाऱ्याला ही तपासणी सर्वांत जड जाते, म्हणून हे तुम्हाला कळकळीने सांगते आहे.

एआयने सुचवलेलं अनोळखी पॅकेज (इन्स्टॉल करून वापरायची लायब्ररी) डोळे झाकून इन्स्टॉल करू नका. मॉडेल कधी कधी नसलेल्या पॅकेजचं नाव सांगतं, आणि त्याच नावाने कुणी घातक कोड आधीच टाकून ठेवलेला असू शकतो. याला स्लॉपस्क्वॉटिंग म्हणतात. पॅकेज कुणाचं, कधीपासूनचं, त्याची रिपॉझिटरी, म्हणजे मूळ कोड ठेवलेली जागा, कुठे, हे पाहायला दोन मिनिटं पुरतात.

वेग वाढल्याच्या भावनेवरही फार विसंबू नका. मीटर या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांकडून २४६ कामं करून घेतली. एआय वापरल्यावर त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. त्यांना स्वतःला मात्र आपण २० टक्के वेगाने काम केलं असं वाटत होतं. तेव्हाची साधनं आणि त्यांचे स्वतःचे, आतून-बाहेरून माहीत असलेले प्रोजेक्ट, एवढ्यापुरताच हा निष्कर्ष आहे. तरी वाटणं आणि असणं यांत इतकं अंतर पडू शकतं, हे लक्षात ठेवा.

एआय मी रोज वापरते. रेगेक्स (मजकुरातले नमुने शोधायची सूत्रं) समजून घ्यायला, तेच तेच साचेबंद कोड लिहायला त्याची खूप मदत होते. पण काम सुरू करण्याआधी कागदावर लिहिते: इनपुट रिकामं आलं तर? तारीख उलटी आली तर? तीच नोंद दोनदा आली तर? या टेस्ट मी स्वतः लिहिते, कोड मागण्याच्या आधी. एरर आली की पहिली वीस मिनिटं ती स्वतः वाचते. सुरुवातीच्या वर्षात ही वीस मिनिटं कुणाला देऊन टाकू नका.

त्या लायब्ररीबद्दल मी नंतर एक छोटं टिपण लिहून नेटवर टाकलं: व्हर्जन क्रमांक, मी चालवलेला कोड, आलेलं आउटपुट आणि तो पॅरामीटर दिल्यावर येणारी एरर, जशीच्या तशी.