टेबल 30 इंचांचं, ताई 5 फूट 1 इंच: बैठक लावताना या चुका टाळा

रिटर्न भरायचा हंगाम आला की आमच्या ऑफिसात मानपाठ धरायला सुरुवात होते. जुलै कसाबसा सरतो, तोवर ऑडिटचा सप्टेंबर. मी पुण्यात एका लहानशा हिशेबाच्या ऑफिसात काम करतो. सहा टेबलं आहेत. कोणाला कसं बसवायचं हे बघायचं काम काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलं, आणि तेव्हापासून खिशात मोजायची टेप असते. लोकांचं अंग टेबलामुळे दुखतं आणि ते खुर्चीला दोष देतात, हे मी इतक्यांदा पाहिलंय की सुरुवात तिथूनच करतो.

दुखायला लागलं की खुर्ची बदलणं

आमच्या एक ताई जीएसटीचं काम बघतात. दुपारचे तीन वाजले की त्यांचा उजवा खांदा भरून यायचा आणि रात्री मान वळायची नाही. नवी खुर्ची आणली. जाळीची पाठ, वरखाली होणारे हात, सगळं होतं. आठ दिवसांत पुन्हा तेच. मग एका शनिवारी मोजायला बसलो.

ताईंना पावलं जमिनीवर पूर्ण टेकवून बसायला सांगितलं. खांदे सैल, दंड अंगालगत आणि कोपर काटकोनात. जमिनीपासून कोपर साडेचोवीस इंचांवर आलं. टेबल 30 इंच. त्यावर कीबोर्डची जाडी इंचभर. म्हणजे बोटं कोपरापेक्षा साडेसहा इंच वर! एवढं अंतर भरून काढायला त्या दिवसभर दोन्ही खांदे उचलून टाइप करत होत्या. त्यावर कुठली खुर्ची काय करणार?

सुतार टेबल करताना सर्रास 30 इंच धरतो. घरचं जेवणाचं टेबलही साधारण तेवढंच असतं. 6 फुटांच्या माणसाला ते जेमतेम चालतं, पण 5 फुटांच्या आसपासच्या माणसाला फारच उंच होतं, आणि आपल्याकडच्या बहुतेक बायका याच उंचीच्या असतात.

टेबल लाकडी होतं. सुताराला बोलावलं आणि चारही पाय दोन-दोन इंच कापून घेतले. आता टेबल 28 आणि कीबोर्ड धरून 29. उरलेले साडेचार इंच खुर्ची वर घेऊन भरून काढले. टेबल न कापता सगळं खुर्चीवरच भागवायचं ठरवलं असतं, तर बैठक 16 वरून साडेबावीस इंचांपर्यंत न्यावी लागली असती. साधी ऑफिसची खुर्ची तेवढी वर जात नाही. प्लायवुडचं, बाजूला फळ्या असलेलं टेबल कापता येत नाही. तिथे टेबलाखाली सरकता कीबोर्ड ट्रे लावावा, मात्र मांड्यांना जागा उरते का ते आधी बघावं.

खुर्ची वर घेतली आणि पाय विसरले

ही चूक पहिलीच्या पाठोपाठ येते. पाय लोंबकळतात, बैठकीची कड मांडीखाली रुतते, संध्याकाळी पावलं जड होतात. मग माणूस नकळत पुढे सरकून खुर्चीच्या टोकावर बसतो आणि पाठीचा टेकू सुटतो. कंबर दुखते ती इथून.

ताईंच्या पायाखाली आम्ही कागदाची दोन रिमं ठेवली. 500 कागदांचं रीम साधारण दोन इंच जाड असतं. दोन एकमेकांवर ठेवून खाकी कागदात गुंडाळली आणि चिकटपट्टीने पक्की बांधली. घरून काम करणाऱ्यांकडे पाट असतोच. त्याच्याखाली रबरी मॅटचा तुकडा घातला की तो फरशीवर सरकत नाही. आणि टेबलाखालचा सीपीयू, यूपीएस, वायरींचं जंजाळ तिथून हलवा. त्यांना चुकवायला पाय एका बाजूला घेऊन बसलं की कंबर दिवसभर पिळलेली राहते, आणि ही गोष्ट कुणाच्या ध्यानातही येत नाही.

माऊस फार लांब

हिशेबाच्या माणसाला कीबोर्डच्या उजवीकडचे आकडे हवेतच, टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) एंट्री त्याशिवाय भराभर होत नाही. पण त्या आकड्यांच्या पलीकडे माऊस ठेवला की हात अंगापासून वीतभर तरी बाहेर जातो, आणि तसाच ताणलेला तासन् तास राहतो. उजवा खांदा आणि खांद्याच्या पात्याच्या आतली कड दुखत असेल, तर मी आधी माऊस कुठे आहे ते बघतो.

यावर आम्हाला सापडलेला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे माऊस डावीकडे घेणं. उजवा हात आकड्यांवर, डावा माऊसवर. पहिले चार दिवस जीव अगदी नकोसा होतो, दोन आठवड्यांत हात बसतो. जीएसटीवाल्या ताई आता उजव्याने आकडे टाकता टाकता डाव्याने स्क्रोल करतात, आणि त्यांचा वेगही वाढलाय. ज्यांना हे जमत नाही त्यांनी आकड्यांची वेगळी पट्टी (नंबर पॅड) आणि आकडे नसलेला छोटा कीबोर्ड घ्यावा.

कीबोर्डच्या मागचे दोन छोटे पाय बहुतेक जण उघडून ठेवतात. ते बंद करा. त्यांनी कीबोर्ड मागून उचलला जातो आणि मनगट वरच्या बाजूला मुडपतं.

स्क्रीन आणि कागद

स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली, आणि अंतर पुढे लांब केलेल्या हाताइतकं, एवढं बहुतेकांना पुरतं. पण दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह (लांबचं-जवळचं एकाच काचेत असलेला) चष्मा असेल तर हा नियम उलटा पडतो. आमचे सर पन्नाशीपुढचे. चष्म्याच्या खालच्या भागातून बघायला ते हनुवटी वर करायचे आणि मानेच्या मागे दुखतं म्हणायचे. त्यांची स्क्रीन खाली आणली, थोडी मागे कलती केली. नंतर त्यांनी कॉम्प्युटरच्या अंतराचा वेगळा चष्माच करून घेतला, तो खरा उपाय.

लॅपटॉपवर दिवसभर काम असेल तर तो डब्यांवर, पुस्तकांच्या चवडीवर, कशावरही ठेवून उंच करा आणि कीबोर्ड-माऊस वेगळे जोडा. स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असताना मान आणि हात दोघांनाही आराम मिळणं शक्य नाही.

खिडकी पाठीमागे नको, समोरही नको, बाजूला हवी. आणि बिलांची फाईल डाव्या कोपऱ्यात आडवी ठेवून तिच्यावर मान वाकवणं सोडा. पारायणाला पोथी ठेवतात तसं लाकडी स्टँड कीबोर्ड आणि स्क्रीनच्या मध्ये ठेवलं की मान सरळ राहते.

"ताठ बस" हा सल्ला

शाळेत मिळालेला हा सल्ला खुर्चीत घातक ठरतो. काटकोनात ताठ बसून पाठीचे स्नायू लवकर थकतात, मग माणूस पुढे ढासळतो. खुर्चीची पाठ 100 ते 110 अंशांवर, किंचित मागे कलती ठेवा आणि तिच्यावर खरोखर रेला. कंबरेला आधार नसेल तर सोलापुरी टॉवेल घट्ट गुंडाळून बेल्टच्या पातळीवर ठेवा. जाड उशी नको, ती तुम्हाला पुढे ढकलते. गुडघ्याच्या मागे आणि बैठकीच्या कडेमध्ये दोन-तीन बोटं मावायला हवीत. पुरुषांनो, मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवा.

खुर्चीचे हात टेबलाला अडत असतील आणि त्यामुळे तुम्ही लांब बसत असाल, तर ते काढून टाका. बहुतेक खुर्च्यांना ते बोल्टवर असतात.

आणि अर्ध्या तासाने उठा. मी टेबलावरची मोठी बाटली बंद करून छोटं भांडं ठेवलं, पाण्यासाठी उठावंच लागतं. डोळ्यांसाठी दर 20 मिनिटांनी 20 फुटांवरचं काहीतरी 20 सेकंद बघावं. पंखा किंवा एसी थेट तोंडावर नको, स्क्रीनकडे बघताना पापणी आधीच कमी लवते.

मुंग्या कुठे येतात ते बघा

अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल, विशेषतः रात्री, तर संशय मनगटावर. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील, तर बहुधा कोपर टेबलाच्या कडेवर दाबलं जातंय. दोन्हींवर बैठक सुधारून फरक पडू शकतो. पण हातातून वस्तू निसटायला लागल्या, किंवा कंबरेतली कळ गुडघ्याखाली उतरू लागली, तर टेप बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी, त्याच तासाला जा.

एका वेळी एकच बदल करा आणि आठवडाभर थांबा. सगळं एकदम हलवलं की कशाने बरं वाटलं ते कळत नाही.

ताईंच्या टेबलाच्या पायांचे कापलेले चार तुकडे मी टाकू दिले नाहीत. वर एक फळी टाकून ते आमच्या 6 फुटी सहकाऱ्याच्या स्क्रीनखाली लावलेत. त्याला नेमक्या तेवढ्याच उंचीची गरज होती.